नाला व्हायच्या आधीची नदी

वीकेण्ड म्हटलं की आपल्याला लोणावळा आठवतं, नाहीतर मल्टिप्लेक्स. पण एक भन्नाट जंगलवाट लोकलच्या पासावर, बोरिवलीला उतरूनही गाठता येते, हे किती जणांना ठाऊक असतं? संजय गांधी राष्ट्रीय उद्यान, म्हणजे आपलं 'नॅशनल पार्क', आणि त्यातला शिलोंडा ट्रेल.

माझा फेव्हरिट सीझन ऑक्टोबरचा. पाऊस सरलेला असतो, पण ओढा वाहता असतो. वाट त्याच्याच सोबतीने जाते. दगडांवर पाय ठेवत पाणी ओलांडायचं, बुटांची पर्वा करायची नाही! आजूबाजूला साग, ऐन, पळस, आणि सात-आठ वर्षांतून एकदाच फुलणारी कारवी. ओल्या मातीवर फुलपाखरं उतरतात. काळ्या पंखांवर निळी झाक दिसली की थांबा. ते ब्लू मॉरमॉन, २०१५ पासून महाराष्ट्राचं राज्य फुलपाखरू.

आता थोडा भूगोल, बोअर न करता. १८६० चा विहार आणि १८७९ चा तुळशी हे तलाव याच डोंगरांतलं पाणी आजही मुंबईला पाजतात. त्याच्याही कितीतरी आधी कान्हेरीच्या भिक्खूंनी लेण्यांजवळ पाण्याची टाकी खोदली. इथलेच ओढे घेऊन दहिसर नदी निघते आणि जेमतेम १२ किलोमीटरवर मनोरीच्या खाडीला मिळते.

मात्र पार्काबाहेर पडली की तिच्यात सांडपाणी, तबेल्यांचं शेण, प्लॅस्टिक, सगळं येतं. काठावर राहणारी माझी एक कलीग म्हणाली, "नदी कसली? नाला आहे तो!" २६ जुलै २००५ ला सांताक्रूझला ९४४ मिलिमीटर पाऊस झाला, तेव्हा याच 'नाल्या'ने काठच्या वस्त्यांत घुसून आपण नदी असल्याचं दाखवून दिलं.

म्हणून शिलोंडाला जाच. फक्त मनात आलं आणि घुसलं, असं चालत नाही. वन खात्याची परवानगी आणि वाटाड्या हवा. सोमवारी पार्क बंद. हेडफोन घरी ठेवा, आवाज खाली ठेवा. बिबट्याचं घर आहे ते.

आणि पुढच्या वेळी दहिसरच्या पुलावरून जाताना नाक दाबण्याआधी एकदा खाली बघा. वर जंगलात पाय बुडवले होते, ते पाणी इथवर येता येता असं झालंय. ते कुणी केलं, हे विचारायला वाटाड्या लागत नाही.