जेवणाच्या भत्त्यावरून कोर्टात गेलेली खेळाडू सॉफ्टबॉलमधली सगळ्यात यशस्वी कोच कशी झाली?

अमेरिकेच्या कॉलेज सॉफ्टबॉलमध्ये सगळ्यात जास्त मॅचेस कुणी जिंकल्या, असं २०२२ साली विचारलं असतं तर एकच नाव पुढे आलं असतं, कॅरॉल हचिन्स. कोच म्हणून १,७०७ विजय! पण त्यांची पहिली मोठी लढाई मैदानावर नाही, तर कोर्टात झाली होती.

सॉफ्टबॉल म्हणजे बेसबॉलचा चुलतभाऊ. चेंडू मोठा, मैदान लहान आणि चेंडू टाकायचा तो हात खालून फिरवून.

हचिन्स मिशिगन स्टेट युनिव्हर्सिटीत शिकायच्या. बास्केटबॉल आणि सॉफ्टबॉल, दोन्ही खेळायच्या. १९७६ मध्ये त्यांच्या सॉफ्टबॉल टीमने राष्ट्रीय विजेतेपद जिंकलं. त्याच्या चार वर्षं आधी, १९७२ साली, अमेरिकेत 'टायटल नाईन' कायदा आला होता. सरकारी पैसा घेणाऱ्या शिक्षणसंस्थेला मुलगा-मुलगी असा भेद करता येणार नाही, असं हा कायदा सांगतो.

पण कायदा कागदावरच होता. दौऱ्यावर गेल्यावर मुलांच्या बास्केटबॉल टीमला जेवणाचा भत्ता जास्त, मुलींना कमी. हॉटेलच्या एका खोलीत मुलींची गर्दी, मुलांना मात्र ऐसपैस जागा. शेवटी १९७९ मध्ये मुली युनिव्हर्सिटीविरुद्ध कोर्टात गेल्या. खटल्यावर नाव होतं हचिन्स यांचं. कोर्टाने मुलींच्या बाजूने तात्पुरता आदेश दिला.

पुढे १९८५ मध्ये त्या मिशिगन युनिव्हर्सिटीच्या सॉफ्टबॉल टीमच्या मुख्य कोच झाल्या. अडचण हवामानाची होती. सीझन फेब्रुवारीत सुरू होतो, तेव्हा मिशिगनमध्ये बर्फ असतो. त्यामुळे सुरुवातीच्या मॅचेस दक्षिणेकडे जाऊन खेळाव्या लागतात. कॅलिफोर्निया, ॲरिझोनाच्या टीम्सना ऊन आयतंच मिळतं. १९८२ मध्ये 'एनसीएए'ची स्पर्धा सुरू झाली, तेव्हापासून २००४ पर्यंत मिसिसिपी नदीच्या पूर्वेकडची एकही टीम ती जिंकू शकली नव्हती.

२००५ मध्ये ते घडलं. युसीएलएविरुद्धच्या निर्णायक मॅचमध्ये सात इनिंग्जनंतरही बरोबरी होती. दहाव्या इनिंगमध्ये पहिल्याच वर्षाला असलेल्या समांथा फिंडलेने तीन रन्सचा होमरन मारला आणि मिशिगनने ४-१ अशी बाजी मारली.

मिशिगनमध्ये ३८ सीझन काढून २०२२ साली हचिन्स निवृत्त झाल्या. तोवर एक प्रश्न त्या सतत मांडत राहिल्या. 'टायटल नाईन' आला तेव्हा मुलींच्या कॉलेज टीम्सच्या ९० टक्क्यांहून जास्त कोच महिला होत्या, आज हे प्रमाण निम्म्याहूनही कमी आहे. मुलींच्या खेळात पैसा आला, पगार वाढले, तसे कोचच्या जागेवर पुरुष येत गेले.

मिशिगनमध्ये मात्र तसं झालं नाही. हचिन्स यांच्या जागी आल्या बॉनी थॉल. त्या आधी हचिन्स यांच्याच टीममध्ये खेळल्या होत्या आणि नंतर वर्षानुवर्षं त्यांच्या सहायक कोच होत्या.