फुप्फुसांतील वीजघरे मंदावतात तेव्हा

सिगारेट सोडून वर्षे लोटली तरी दोन जिने चढताना धाप लागते, अशी तक्रार 'सीओपीडी' या दीर्घकालीन फुप्फुसविकाराचे अनेक रुग्ण करतात. जागतिक आरोग्य संघटनेच्या माहितीनुसार २०२१ मध्ये या विकाराने जगभरात सुमारे ३५ लाख बळी घेतले. त्यात श्वासनलिका अरुंद होतात आणि वायुकोशांच्या भिंती झिजतात. मात्र, धूर थांबल्यावरही आतील दाह पूर्णपणे का शमत नाही, याचे एक उत्तर संशोधकांना पेशीच्या आत सापडू लागले आहे.

पेशीला लागणारी बहुतांश ऊर्जा मायटोकॉन्ड्रिया म्हणजेच तंतुकणिका निर्माण करतात. श्वासमार्गातील कफ वर ढकलणारे सूक्ष्म केसही याच ऊर्जेवर हलतात. तंतुकणिकांचा स्वतंत्र डीएनए असतो. त्यात अवघी ३७ जनुके असून केंद्रकातील डीएनएइतके संरक्षण त्याला नसते. सिगारेटच्या अथवा चुलीच्या धुरातील घातक रेणूंचा मारा झाला की त्याला इजा पोहोचते. बिघडलेल्या तंतुकणिका ऊर्जा कमी देतात आणि ऑक्सिजनचे उपद्रवी रेणू मात्र अधिक सोडतात. त्यातून दाह भडकतो आणि नव्या तंतुकणिका बिघडतात. निरोगी पेशी निकामी तंतुकणिका मोडीत काढते. या विकारात त्या सफाईचाही तोल ढळतो आणि दुष्टचक्र सुरू राहते.

हा परिणाम छातीपुरता मर्यादित नाही. अनेक रुग्णांच्या मांडीच्या स्नायूंतील तंतुकणिकांची क्षमताही घटलेली आढळते. त्यामुळे श्वासाआधी पायच थकतात.

मग ऑक्सिडीकरण रोखणारी गोळी घेतली की काम भागेल? तसे नाही. एन-ॲसिटिलसिस्टीन या औषधाच्या तीन वर्षांच्या युरोपीय चाचणीचे निष्कर्ष २००५ मध्ये प्रसिद्ध झाले. फुप्फुसांच्या कार्यक्षमतेतील घसरण त्या औषधाने मंदावली नाही. दिल्लीच्या 'इन्स्टिट्यूट ऑफ जीनोमिक्स अँड इंटिग्रेटिव्ह बायॉलॉजी'तील संशोधकांनी मूलपेशी आपल्या निरोगी तंतुकणिका श्वासमार्गातील आजारी पेशींना देऊ शकतात, असे २०१४ मध्ये दाखवले. परंतु ते प्रयोग उंदरांवरचे होते.

तूर्त धूम्रपान लवकरात लवकर सोडणे, घरातील धूर टाळणे आणि तज्ज्ञांच्या देखरेखीखाली नियमित व्यायाम करणे हेच खात्रीचे मार्ग आहेत. फुप्फुसाची झालेली झीज त्यांनी भरून निघत नाही. पण पुढील ऱ्हासाचा वेग कमी होतो आणि पायांत बळ येते.