जबलपूरकडची .३१५

जबलपूरच्या गन कॅरेज फॅक्टरीत १९०४ पासून तोफांचे गाडे बनले; परवानाधारकांकडची .३१५ स्पोर्टिंग रायफल मात्र बंगालमधल्या ईशापूरची, काडतुसे खडकीची. बोल्ट ली-एनफिल्डच्या धर्तीचा. .३०३ हे लष्करी काडतूस नागरिकांना वर्ज्य, म्हणून ८ मिलिमीटरच्या जुन्या ऑस्ट्रियन काडतुसाची निवड झाली. गोळी जड, सुमारे १६ ग्रॅमची; नळीच्या तोंडाशी वेग सेकंदाला जेमतेम ६०० मीटर. शंभर मीटरवर नेम बसवलेली रायफल तीनशेवर हातभराहून अधिक खाली मारते, आणि साध्या माशी-खाचेवर तो फरक अंदाजानेच भरून काढावा लागतो. लांबच्या माऱ्याला ईशापूरचीच .३०-०६ सरस. अर्थात १९७२ च्या वन्यजीव संरक्षण कायद्यानंतर हौशी शिकारीला फारसा वाव उरला नाही. परवाने मिळतात ते मुख्यतः स्वसंरक्षण, पीकरक्षण आणि नेमबाजीसाठी.