क्लास सोडून जाणाऱ्या बाईबद्दलचे गैरसमज

पुण्यात हडपसरच्या गाडीतळापासून आतल्या वस्त्यांत शिरलं की शिवणकामाचे, ब्यूटी पार्लरचे, टॅलीचे, रुग्णसेविकांच्या प्रशिक्षणाचे वर्ग दिसू लागतात. तिथे येणाऱ्या कितीतरी बायकांचं मूळ गाव लातूर, बीड, सोलापूरकडचं असतं. काहींचं उत्तर प्रदेश, बिहारमधलं. यंत्र समोर असतं, शिकवणाऱ्या बाई जीव लावून शिकवतात, तरी पहिल्या काही आठवड्यांत एकेक जागा रिकामी होत जाते. मग कुणीतरी म्हणतं, ‘‘यांना शिकायचंच नसतं.’’ असं म्हणून विषय मिटवला जातो. पण बाई क्लासला यायची का थांबली, हे त्यातून मुळीच कळत नाही.

मुळात ती हडपसरला आली कशी, याचीच समजूत चुकीची असते. शहरात आली म्हणजे पोट भरायला आली, असं आपण धरून चालतो. केंद्र सरकारच्या २०२०-२१च्या श्रमबल पाहणीनुसार देशातल्या स्थलांतरित स्त्रियांपैकी ८६.८ टक्के स्त्रियांनी गाव सोडलं ते लग्नामुळे. म्हणजे बहुतेक जणी इथे येतात त्या कुणाची तरी बायको, कुणाची तरी सून म्हणून. नवऱ्याला कामावर चार माणसं भेटतात, नाक्यावर ओळखी होतात. तिच्या वाट्याला भाड्याची खोली आणि अनोळखी शेजार येतो. बहीण, मावशी, शेतातल्या सोबतिणी, जिच्यापाशी मन मोकळं करावं अशी एकूण एक बाई गावाकडे राहिलेली असते. ‘स्थलांतरित म्हणजे परप्रांतीय’ हेही खरं नाही. नांदेडहून आलेली मराठी मुलगीही तितकीच एकटी असू शकते. हिंदी किंवा भोजपुरी बोलणारीला त्यात मराठीतून चालणाऱ्या वर्गाचं ओझं वाढतं, एवढंच.

‘‘डिप्रेशन वगैरे रिकामटेकड्यांना होतं, कष्टाच्या बाईला वेळ कुठाय?’’ हे वाक्य शिकल्यासवरल्या घरांतूनही ऐकू येतं. बंगळुरूच्या ‘निम्हान्स’ संस्थेनं केलेल्या २०१५-१६च्या राष्ट्रीय मानसिक आरोग्य पाहणीत सुमारे १०.६ टक्के प्रौढांना त्या वेळी कुठला ना कुठला मानसिक आजार होता, आणि कमी उत्पन्नाच्या घरांत हे प्रमाण जास्त आढळलं. आजारागणिक ७० ते ९२ टक्के लोकांपर्यंत उपचार पोहोचलेच नव्हते. कष्टाची बाई आजारी पडते. तिचं आजारपण आपल्याला ओळखू येत नाही.

कारण ती ‘मला उदास वाटतं’ असं म्हणतच नाही. डोकं चढतं, अंग मोडून येतं, छातीत धडधडतं, जीव घाबरा होतो, झोप लागत नाही, अंगावरून पांढरं जातं, असं ती सांगते. या शेवटच्या तक्रारीबद्दल गोव्यात डॉ. विक्रम पटेल आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी सुमारे अडीच हजार स्त्रियांची पाहणी केली. २००५ साली प्रसिद्ध झालेल्या त्या अभ्यासात पांढरं जाण्याच्या तक्रारीचा संबंध जंतुसंसर्गापेक्षा मनावरच्या ताणाशी अधिक घट्ट निघाला. म्हणून तपासणी टाळावी असं मुळीच नाही. ती आधी करायचीच. पण रिपोर्ट नॉर्मल आला म्हणून ‘हिला काही झालेलं नाही’ म्हणणं हा अन्याय आहे. आठवड्यातून दोनदा डोकं धरून बसणाऱ्या विद्यार्थिनीला शिक्षिकेनं ‘नाटकं करू नकोस’ म्हटलं, तर ती पुढची खूण दाखवणारच नाही.

‘एकदा वर्गात यायला लागली की मन आपोआप रमतं’ ही समजूत अर्धी खरी आहे. वर्गात मैत्रिणी मिळतात, हाताला कला येते, आपल्या नावानं हाक मारणारं कुणी भेटतं. याचं मोल मी कमी लेखणार नाही. पण सुरुवातीला भार वाढतो, हेही तितकंच खरं. २०१९च्या राष्ट्रीय वेळ-वापर पाहणीत घरकाम करणाऱ्या स्त्रियांची त्यात दिवसाला सरासरी २९९ मिनिटं जात होती, पुरुषांची ९७. वर्गाचे तीन तास आणि पीएमपीच्या बसची वाट पाहण्याचा वेळ या पाच तासांतून कुणी वजा करून देत नाही. तो तिच्या झोपेतून जातो. लेकरू शेजारणीकडे ठेवलेलं असतं, आणि त्याला ताप आला की सगळ्या घराची बोटं तिच्या क्लासकडे वळतात. अशा वेळी तिनं क्लास सोडला तर ती आवड नसल्याची खूण कशी मानायची?

‘मनाबिनाची काळजी हे बाहेरून आलेलं नवं खूळ’ म्हणणाऱ्यांसाठी फार लांब जायला नको. हडपसर स्टेशनवरून जाणाऱ्या दौंडच्या लोहमार्गावर केडगाव आहे. १८९६-९७च्या दुष्काळात पंडिता रमाबाईंनी मध्य प्रांतातून, आणि १९००च्या दुष्काळात गुजरातमधून उपाशी, निराधार स्त्रिया-मुली आणून तिथे वसवल्या. अन्न, निवारा, अक्षरओळख, विणकाम, शिवण, छापखान्यातलं काम हे सगळं तिथे एकाच आवारात होतं. परक्या मुलखात आलेल्या बाईला नुसता धंदा शिकवून भागत नाही, हे त्यांना सव्वाशे वर्षांपूर्वी कळलं होतं.

‘‘पण आम्ही तज्ज्ञ कुठून आणायचे?’’ हा संस्थाचालकांचा प्रश्न प्रामाणिक आहे, फक्त त्यामागचं गृहीतक जुनं आहे. गोव्यातल्या ‘संगाथ’ संस्थेनं प्राथमिक आरोग्य केंद्रांत तीव्र नैराश्याच्या ४९५ रुग्णांवर केलेल्या अभ्यासाचे निष्कर्ष २०१७ साली ‘लॅन्सेट’मध्ये आले. बोलण्याचे उपचार देणारे तिथे डॉक्टर नव्हते. प्रशिक्षण घेतलेली स्थानिक माणसं होती. रुग्णाला पुन्हा रोजच्या आयुष्यातल्या बारीकसारीक आनंददायी कामांकडे वळवायचं, अडचणी एकेक करून सोडवायच्या, असं या उपचारांचं स्वरूप. तीन महिन्यांनी हे उपचार मिळालेल्या गटातले ६४ टक्के रुग्ण नैराश्यातून बाहेर आले होते. फक्त नेहमीचे उपचार मिळालेल्या गटात ३९ टक्के. पुण्याच्या आयएलएस विधी महाविद्यालयातल्या मानसिक आरोग्य कायदा व धोरण केंद्रानंही नाशिक जिल्ह्यात ‘आत्मीयता’ प्रकल्पातून गावातल्याच माणसांना असं ऐकून घ्यायला शिकवलं. हडपसरच्या वर्गात आधीच्या तुकडीतली एखादी जाणती बाई हे काम का शिकू शकणार नाही? मात्र जीव द्यावासा वाटतो असं कुणी बोललं, घरात मारहाण होत असली किंवा माणूस भ्रमात असला, तर ते तिच्यावर सोपवू नये. थेट डॉक्टरांकडे न्यावं. ससून रुग्णालयात मनोविकार विभाग आहे.

डॉक्टर म्हटलं की ‘येरवड्याच्या मनोरुग्णालयात टाकतील’ ही भीती पुण्यात पिढ्यान्‌पिढ्या आहे. नैराश्याचे बहुसंख्य रुग्ण घरी राहूनच बरे होतात. २०१७चा मानसिक आरोग्यसेवा कायदा उपचार मिळण्याचा आणि माहिती गुप्त राखली जाण्याचा हक्क देतो, आणि आत्महत्येचा प्रयत्न केलेल्या व्यक्तीला तीव्र ताणाखाली असलेली मानून शिक्षेपासून संरक्षण देतो. ताणाचं कारण वर्गातलाच किंवा उमेदवारीच्या जागचा कुणी पुरुष असेल, तर लैंगिक छळविरोधी २०१३चा कायदा प्रशिक्षणार्थी स्त्रीलाही लागू आहे. ती पगारी नाही म्हणून तिला तक्रार करता येत नाही, ही निव्वळ चुकीची माहिती आहे.

वर्ग चालवणाऱ्यांना करता येण्यासारखं बरंच काही बिनखर्चाचं आहे. वेळ मुलांच्या शाळेशी जुळवावी. लेकरू घेऊन बसायला एक कोपरा द्यावा. सलग दोन दिवस गैरहजर राहिलेलीला फोन करावा आणि ‘का आली नाहीस?’ऐवजी ‘बरी आहेस ना?’ असं विचारावं. ‘टेली-मानस’ ही सरकारी हेल्पलाइन ऑक्टोबर २०२२पासून चोवीस तास, मोफत चालते. क्रमांक १४४१६, आणि मराठीत, हिंदीत बोलता येतं. पण अनेक घरांत मोबाइल एकच, तोही नवऱ्याच्या खिशात. तेव्हा हा क्रमांक स्वच्छतागृहाच्या दाराला आतून लावावा, तिथे तो एकटीला वाचता येतो, आणि वर्गातला एक फोन बंद खोलीत नेऊन वापरायची मुभा तिला असावी.