मीठ सारखंच, मग बीपी एकालाच का?

मंगळवार पेठेतल्या एखाद्या घरात रविवारी तांबडा-पांढरा रस्सा, खर्डा, पापड सगळ्यांच्या ताटात सारखाच. तरी एका भावाचं बीपी चाळिशीत वाढतं, दुसऱ्याचं साठीतही ठणठणीत. आपण मिठाला नाहीतर टेन्शनला दोष देतो. मूत्रपिंडाची आठवणही येत नाही.

दोन्ही मूत्रपिंडं मिळून दिवसाला सुमारे 180 लिटर द्रव गाळतात आणि त्यातला 99 टक्के रक्तात परत घेतात. लघवीवाटे जातो जेमतेम दीड लिटर. या परतीत मीठ थोडं जरी जादा राहिलं, तरी सोबत पाणी राहतं आणि दाब चढतो. चढलेल्या दाबामुळेच मग ते जादा मीठ बाहेर पडतं.

मूत्रपिंडाने मीठ किती राखायचं, हे बऱ्याच अंशी आईवडिलांकडूनच येतं. लिडल सिंड्रोम या दुर्मीळ आजारात एका जनुकातल्या बिघाडामुळे मूत्रपिंड गरजेपेक्षा जास्त सोडियम (मिठातला घटक) राखून ठेवतं. ऐन तारुण्यात बीपी वाढतं. 1963 साली नोंदवलेल्या पहिल्या रुग्ण स्त्रीला पुढे दुसऱ्याचं मूत्रपिंड बसवलं आणि तिचं बीपी उतरलं! माझ्या मते, दोष मूत्रपिंडातच असल्याचा याहून बोलका पुरावा नाही. इतरांमध्ये मात्र शेकडो जनुकं थोडाथोडा हातभार लावतात.

वाढलेलं बीपी उलट मूत्रपिंडाच्याच बारीक रक्तवाहिन्या खराब करतं, आणि दुखत काहीच नाही. म्हणून आईवडिलांना बीपी असेल, तर तिशीपासून दरवर्षी ते मोजून घ्या. वाढलेलं निघालं, तर रक्तातलं क्रिएटिनिन आणि लघवीतली प्रथिनंही तपासायला सांगा.