भ्रम आधीचा की इंजेक्शन आधीचं?

वॉर्डातून निरोप आला, "आजोबा रात्रभर वातात बोलत होते, सलाईन उपटून टाकली." वय 78, न्यूमोनिया. अशा वेळी वयावर आणि आजारावर खापर फोडून पुढे जाणं सोपं असतं. पण ताप उतरतोय आणि बोलणं मात्र भरकटत चाललंय, असं दिसलं की मी आधी औषधांचा चार्ट मागतो.

पहिला प्रश्न तारखांचा: भ्रम पहिल्या डोसच्या आधीचा की नंतरचा? याचं उत्तर केसपेपरात क्वचितच असतं, घरच्यांकडे हमखास असतं. आजोबांची सून म्हणाली, "दाखल केलं तेव्हा रिक्षाचे पैसे दिलेस का, म्हणून मलाच विचारत होते. मंगळवारपासून मला ओळखतच नाहीत." न्यूमोनियासाठी सेफेपिम हे अँटिबायोटिक इंजेक्शन शुक्रवारी सुरू झालं होतं. सेफेपिममुळे होणारा भ्रम बहुधा असाच चार-पाच दिवसांत दिसतो. मेट्रोनिडॅझोल या दुसऱ्या अँटिबायोटिकचा त्रास मात्र सहसा काही आठवड्यांनी येतो. तोल जातो, जीभ अडखळते आणि एमआरआयवर लहान मेंदूत खुणा दिसतात.

"आजोबा, वार उलटे म्हणा बघू. रविवार, शनिवार..." ते "शुक्रवार" म्हणाले, थांबले, पुन्हा "शुक्रवार" म्हणाले आणि नजर पंख्याकडे गेली. लक्षच टिकत नव्हतं. म्हातारपणाचा विसर असा चार दिवसांत येत नाही. हात समोर धरायला सांगितले, तर बोटं आणि खांदे मधूनच दचकल्यासारखे उडत होते. माझा संशय बळावला तो इथे.

क्रिएटिनिन 1.4, म्हणजे "थोडंसंच वाढलेलं". पण वजन 48 किलो. अंगावर मांस नसलं की क्रिएटिनिनही कमीच तयार होतं, आणि तो आकडा फसवतो. वय-वजन धरून हिशेब केला तर किडनीची गाळण मिनिटाला जेमतेम 30 मिलिलिटर निघाली. सेफेपिम मुख्यतः किडनीवाटेच बाहेर पडतं आणि डोस चालू होता धडधाकट माणसाचा. अमेरिकेच्या एफडीएने 2012 मध्ये नेमका हाच इशारा दिला होता: किडनी कमजोर असताना डोस घटवला नाही, तर हातपाय न झाडता मेंदूत फिट चालू राहू शकते. ती ईईजीशिवाय कळत नाही, म्हणून तो लगेच करून घेतला. फिट नव्हती, पण लहरी मंदावलेल्या होत्या. साखर, सोडियम, ऑक्सिजन, तुंबलेली लघवी, झोपेची गोळी हेही तपासून झालं.

सेफेपिम थांबवून दुसरं अँटिबायोटिक दिलं. तिसऱ्या दिवशी आजोबांनी सुनेला नावाने हाक मारली. तरी फाइलमध्ये मी "दाट शक्यता" एवढंच लिहिलं, कारण तोवर न्यूमोनियाही ओसरत होता. त्रास औषधामुळेच झाला का, हे जोखणाऱ्या 1981 च्या नारान्हो प्रश्नावलीत दहा प्रश्न आहेत. औषध पुन्हा दिल्यावर त्रास पुन्हा झाला का, हा त्यातला एक. तो तपासून पाहायला आजोबांना पुन्हा सेफेपिम द्यायचं, हे मला मान्य नाही.

घरच्यांना एवढंच सांगणं आहे: अँटिबायोटिक मनाने बंद करू नका. पण माणूस बदललाय असं वाटलं, तर त्याच दिवशी डॉक्टरांना गाठा, कधीपासून ते सांगा आणि किडनीचे जुने रिपोर्ट सोबत न्या.