नळीला कुणी शिवू नये

पुण्याच्या 'उग्रम' रायफलवर लिहा, असं संपादकांनी सांगितलं होतं. पाषाणची शस्त्रास्त्र संशोधन संस्था एआरडीई आणि हैदराबादची द्वीपा आर्मर यांनी मिळून ही रायफल शंभर दिवसांच्या आत उभी केली आणि ८ जानेवारी २०२४ रोजी ती लोकांसमोर आणली. गोळी ७.६२ मिलिमीटरची, वजन चार किलोच्या आत, परिणामकारक मारा ५०० मीटर. एआरडीई १९५८ पासूनची. फौजेच्या आणि पोलिसांच्या हातातली इन्सासही तिचीच. एवढी टिपणं घेऊन मी आमच्या जालन्यातल्या एका निवृत्त पोलीस आर्मररकडे गेलो. चार शंका विचारायच्या आणि लेख लिहून टाकायचा, असा बेत होता. पण या काकांनी हँडगार्डचा विषय काढला आणि मी तिथेच अडकलो.

हँडगार्ड म्हणजे डाव्या हाताने रायफल धरायची जागा. नळी तापते, तिचा चटका बसू नये म्हणून भोवती घातलेलं कवच. एवढ्या साध्या वस्तूत बोलण्यासारखं काय असणार, असं कुणालाही वाटेल. काकांनी उमेदीची वर्षं कोतमध्ये, म्हणजे शस्त्रागारात, हत्यारांच्या निगराणीत घालवली. राज्य राखीव पोलीस बलाचा तिसरा गट जालन्यातच असल्यामुळे खाकी वर्दी आणि रायफल या गावाला नवी नाही. निवृत्तीनंतर काका नेमबाजीच्या पोरांच्या पॉइंट टू-टू रायफली तपासून देतात. मला ते सरळ रेंजवर घेऊन गेले. टेबलावरच्या रायफलचा बोल्ट काढलेला होता. तरीही त्यांनी आधी चेंबरमध्ये बोट घालून ती रिकामी असल्याची खात्री केली, मगच खिशातून दहाची नोट काढली.

नोट त्यांनी नळी आणि खालच्या लाकडाच्या फटीत सरकवली आणि दोन्ही टोकं धरून हळूहळू मागे ओढत नेली. तोंडापासून निम्म्या अंतरापर्यंत ती अलगद गेली, मग उजव्या बाजूला अडली. "हितं शिवतंय बघा भाऊ," काका म्हणाले. "पावसाळ्यात लाकूड फुगलं. पोरगी म्हणती, काका, माझा नेम गेला. नेम कुठं जातोय? नळीला धक्का लागतोय." त्यांनी लाकडी दांडीला सँडपेपर गुंडाळला आणि तेवढीच जागा घासायला घेतली. चार-पाच हात फिरवायचे, भुकटी फुंकायची, पुन्हा नोट. घाई म्हणजे काय ते हा माणूस जाणतच नाही. नोट अखेर मुळापर्यंत गेली, तेव्हा मलाही बरं वाटलं.

यामागचं कारण असं. गोळी सुटताना नळी नुसती मागे येत नाही, ती थरथरते. छेडलेल्या तारेसारखी तिच्यातून लाट जाते. ही थरथर दर वेळी सारखीच असेल, तर गोळी तोंडातून सुटताना नळीचं तोंड दर वेळी त्याच जागी असतं आणि छिद्रं एकमेकांजवळ पडतात. पण हँडगार्ड नळीला टेकलेलं असेल तर हाताचा दाब, स्लिंगचा म्हणजे पट्ट्याचा ताण, वाळूच्या पोत्यावरचं वजन हे सगळं नळीपर्यंत पोचतं. दाब बदलला की गोळीची जागाही बदलते. त्यात नळी तापली की तो दाब आणखीच निराळा होतो. म्हणून नेमबाजीच्या रायफलीत नळी फक्त मुळाशी पक्की धरतात आणि पुढे सगळीकडून मोकळी सोडतात. यालाच फ्री-फ्लोट म्हणतात.

कोल्हापूर जिल्ह्यातल्या कांबळवाडीच्या स्वप्निल कुसाळेने १ ऑगस्ट २०२४ रोजी पॅरिस ऑलिंपिकच्या ५० मीटर थ्री पोझिशनमध्ये ४५१.४ गुणांसह कांस्य मिळवलं. त्या प्रकारात दहा गुणांचं वर्तुळ अवघं १०.४ मिलिमीटरचं असतं. गुडघ्यावर, पालथं आणि उभं राहून, तिन्ही वेळा रायफलवरचा जोर निराळा. तो नळीपर्यंत पोचला असता तर पदकाचं नावच नको.

फौजी रायफलीत फ्री-फ्लोट उशिरा आलं. एके घराण्यातल्या हँडगार्डचं पुढचं टोक नळीवर बसवलेल्या पकडीतच अडकतं, म्हणजे हात हँडगार्डवर ठेवला तरी भार नळीवरच. त्या बदल्यात ती रायफल मार खाते, चिखल खाते आणि तरी चालते. हेही मोठं काम आहे. भारतीय लष्कराने फेब्रुवारी २०१९ मध्ये ७२,४०० सिग-७१६ रायफलींची मागणी नोंदवली. त्यांचं हँडगार्ड ॲल्युमिनियमचं आणि नळीपासून सुटं आहे. अर्थात गॅसवर चालणाऱ्या रायफलीत गॅस ब्लॉक, म्हणजे नळीतला वायू बाहेर घेणारा ठोकळा, नळीवर असतोच, त्यामुळे ती पुरती मोकळी कधीच नसते.

आता हँडगार्ड निवडायचं कसं? इथून पुढे काकांचा सूर बदलला. ज्याच्या त्याच्या तोंडी एकच प्रश्न असतो, किती ग्रॅम. जालन्याच्या रोलिंग मिलमध्ये लोखंडाचा हिशेब टनात चालतो, इथे शंभर ग्रॅमसाठी जीव टाकतात. त्यात खोटं काही नाही. वजन पुढच्या टोकाला असेल तर दिवसभर पहाऱ्याला उभ्या असलेल्या शिपायाचा खांदा ते बरोबर ओळखतो. उभ्याने नेम धरणाऱ्या खेळाडूला मात्र पुढचं वजन हवंसं वाटतं, कारण त्याने नळी डगमगत नाही. ५० मीटर थ्री पोझिशनमध्ये नियमाने रायफल ८ किलोपर्यंत चालते. तेव्हा हलकं कुणासाठी, हे आधी ठरवायला हवं.

ॲल्युमिनियम पोलादाच्या साधारण एक तृतीयांश वजनाचं, पण ताठपणाही तेवढाच कमी. म्हणून नळकांडं रुंद ठेवून भिंत पातळ करतात, तिला खाचा पाडतात. चारही बाजूंनी वस्तू अडकवायच्या रेल, म्हणजे पट्ट्या, असलेली जुनी हँडगार्डं जड पडायची. आता एम-लॉकच्या खाचा असतात, हवी तिथेच वस्तू बसवायची. पण खाचा वाढवत नेल्या की नळकांडं वाकायला लागतं. नळी मोकळी असल्यामुळे नेम बिघडत नाही, मात्र हँडगार्डच्या टोकाशी लेझर किंवा पुढची माशी असेल तर ती हलते. ३० सेंटीमीटरचं हँडगार्ड भिंतीला टेकून टोकाशी १ मिलिमीटर वाकलं, तर लेझरचा ठिपका १०० मीटरवर फूटभराहून जास्त सरकतो. ठिपका एकीकडे, गोळी दुसरीकडे. जाहिरातीत ग्रॅम छापतात, हे वाकणं कुठे छापलेलं मला दिसलं नाही.

तापण्याचंही तसंच. ॲल्युमिनियम उष्णता पटकन हाताकडे आणतं. कार्बन फायबर हलकं आणि हाताला सोसवणारं, पण महाग, शिवाय कडेला ठोकर बसली की त्याचे थर सुटू शकतात. मे महिन्यात उन्हात ठेवलेल्या रायफलला गोळी न झाडताही हात लावता येत नाही.

काकांना सगळ्यात जास्त धास्ती हँडगार्डच्या मागच्या सांध्याची. सगळं हँडगार्ड तिथल्या एका नटावर आणि काही स्क्रूंवर तरंगतं. तो सांधा सैल पडला की हँडगार्ड फिरतं, पुढे सरकतं, गॅसच्या नळीला घासतं आणि मोकळ्या नळीचा सगळा खटाटोप वाया जातो. टॉर्क रेंच नसेल तर कसणारा अंदाजाने कसतो. कुणी कमी, कुणी आटे मोडेपर्यंत. परदेशातून एखादा भाग मागवून बघू म्हटलं, तर शस्त्र अधिनियम १९५९ च्या व्याख्येत शस्त्रांचे भागही येतात, म्हणजे परवान्याशिवाय हात घालायची सोय नाही. हा कायदा मला योग्यच वाटतो. पण त्यामुळे निवडीचा सगळा भार खरेदी करणाऱ्या कचेरीवर येतो आणि तिथे बसलेल्याने नोट सरकवून पाहिलेली असेलच असं नाही.

मी विचारलं, तुमच्या हातात असतं तर काय बघितलं असतं? काकांनी हँडगार्ड बसवून टोकाला पाच किलो टांगायला सांगितलं आणि किती वाकतं ते मोजायला. मग नळी तापेपर्यंत गोळ्या झाडायच्या, सांध्यावर मारलेली रंगाची खूण सरकली का ते बघायचं. वजनकाटा त्यानंतर.